‘हिमाला’ : चमत्कार आणि उपजीविका

इश्माएल बर्नाल यांच्या ‘हिमाला’ (१९८२) या फिलिपीनी चित्रपटाची चर्चा बहुधा श्रद्धा की अंधश्रद्धा या द्वंद्वातच अडकते. रिकी ली यांच्या पटकथेचा रोख निराळा आहे. कूपांग गावातील दुष्काळ म्हणजे हाकलून दिलेल्या एका कुष्ठरोग्याचा शाप, अशी गावकऱ्यांची समजूत; दारिद्र्याची कारणमीमांसा तेथेच संपते. (मार्कोस राजवटीतील ज्या शासकीय संस्थेने या चित्रपटाची निर्मिती केली, तिला ही मीमांसा गैरसोयीची वाटण्याचे कारण नव्हते.) एल्साला मेरीमातेचे दर्शन घडते आणि त्या ओसाड गावाला प्रथमच उत्पन्नाचे साधन लाभते : यात्रेकरूंचा निवारा, धार्मिक वस्तूंची विक्री, निमियाचा कॅबरेसुद्धा. श्रद्धा येथे दारिद्र्यावरील सांत्वन उरत नाही, ती गावाचा एकमेव उद्योग होते. म्हणूनच बलात्कारातून राहिलेला एल्साचा गर्भही दैवी ठरवला जातो. अखेरीस एल्सा स्वतःच जमावापुढे चमत्कार नाकारते. शाप आणि देव माणसांनीच घडवल्याचे सांगते. तिच्या या कबुलीत नोरा औनोर यांचा स्वर कोठेही नाटकी होत नाही. गर्दीतून गोळी सुटते, चेंगराचेंगरी होते. त्यानंतर लोक पुन्हा गुडघ्यांवर रांगत टेकडी चढू लागतात.