क्विनीन व नायजर मोहिमा
पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या यूरोपीयांना हिवताप बहुधा प्राणघातक ठरे. १८४१ च्या ब्रिटिश नायजर मोहिमेत चाळीसहून अधिक यूरोपीय ज्वराने दगावले. त्या मोहिमेतील वैद्य टी. आर. एच. टॉमसन यांनी आजारापूर्वीच क्विनीन घेण्याची शिफारस १८४६ मध्ये केली. विल्यम बाल्फोर बेकी यांनी १८५४ च्या मोहिमेत आगबोटीवरील यूरोपीयांना ते नियमित दिले. सुमारे चार महिने नदीत राहूनही त्यांपैकी कोणी मरण पावले नाही. हिवतापाच्या परजीवीचा शोध (१८८०) त्यानंतरचा होय. क्विनीन अतिशय कडू असून त्यामुळे कानांत आवाज होतो व ऐकू कमी येते. औषधाचा त्रास निश्चित, रोग मात्र संभाव्य, हा पेच तेव्हापासूनचा आहे. प्रतिबंधासाठी आता अन्य औषधे वापरतात. प्रदेश, मुक्कामाचा काळ व प्रकृती पाहून त्यांची निवड करतात.