एकदा लिहिलेले, पुन्हा वापरलेले

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला कवी. मी संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण एकदा नीट रचलेली गोष्ट पुन्हा कशी वापरायची, हा प्रश्न गझल लिहिणाऱ्याला नवा नाही. रदीफ प्रत्येक शेरात तोच येतो. मेहनत करावी लागते ती त्याच्या आधीच्या शब्दांवर. सॉफ्टवेअरच्या उद्योगालाही हे फार लवकर उमगले होते.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्याला काय करायचे ते कागदी पट्टीवर भोके पाडून सांगावे लागे. त्या यंत्रात भागाकाराची सोयच नव्हती. म्हणजे ज्याला भागाकार हवा त्याने तो पायरीपायरीने लिहायचा, आणि प्रत्येकाने नव्याने चुका करायच्या. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांनी यावर तोड काढली. भागाकार, वर्गमूळ, उत्तर छापणे अशा नेहमीच्या कामांच्या पट्ट्या एकदाच करून, तपासून कपाटात ठेवल्या. ज्याला हवी त्याने नक्कल करून आपल्या पट्टीत जोडून घ्यावी. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ छोट्या आज्ञावल्या जमल्या होत्या.

वेळ वाचला, हा उघड फायदा. मोठा फायदा निराळाच होता. अनेकांच्या हातून गेलेल्या आज्ञावलीतली चूक कुणाच्या तरी नजरेस येते, आणि ती दुरुस्त झाली की पुढच्या सगळ्यांचा त्रास टळतो. मात्र व्हीलर यांनी १९५२ मध्येच बजावले होते, की आज्ञावली लिहून, तपासून काम संपत नाही. आतली रचना ठाऊक नसलेल्या माणसालाही ती वापरता येईल असे तिचे वर्णन लिहिणे, हे कदाचित सर्वांत अवघड काम.

पुढे १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली. तिथे बेल लॅबोरेटरीजचे डग्लस मॅकिलरॉय यांनी विचारले, की इतर उद्योगांत तयार सुटे भाग सूचीतून निवडून घेता येतात, तसे सॉफ्टवेअरचे का मिळू नयेत? त्यांनी मागितली तशी बाजारपेठ लगेच उभी राहिली नाही. पण वाट तीच ठरली. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेले ‘एसक्यूलाइट’ हे माहिती साठवण्याचे सॉफ्टवेअर आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असते. फोनवरची छोटी सोय तयार करणाऱ्याला माहितीची कोठारे नव्याने बांधावी लागत नाहीत.

मग यात धोका कुठे आहे? ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियन-५’ हे अग्निबाण फ्रेंच गयानातील कुरू येथून पहिल्यांदा उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत फुटले. त्यातले चार उपग्रहही गेले. दिशा आणि वेग मोजणाऱ्या उपकरणाचे सॉफ्टवेअर बरेचसे ‘एरियन-४’ चेच होते. तिथे ते उत्तम चालले होते. पण नव्या बाणाचा आडवा वेग सुरुवातीलाच जास्त होता. त्यातून निघालेला आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि उपकरण बंद पडले. राखीव उपकरणातही तेच सॉफ्टवेअर होते. तेही त्याच कारणाने बंद पडले. आणखी दुःख असे, की बिघडलेल्या त्या हिशेबाची उड्डाणानंतर ‘एरियन-५’ ला गरजच नव्हती.

एका वृत्तातला उत्तम शेर दुसऱ्या वृत्ताच्या गझलेत घातला, तर शेर खोटा ठरत नाही. गझल मात्र मोडते. चौकशीत आढळले, की नव्या बाणाचा मार्ग कसा असेल, हे त्या उपकरणाकडून असलेल्या अपेक्षांत लिहिलेलेच नव्हते. व्हीलर ज्या वर्णनाला अवघड म्हणत होते, त्याचे मोल इथे कळते.

तयार भाग जरूर घ्यावा; त्यामागे अनेकांचे श्रम आणि अनुभव असतात. पण तो कोणत्या परिस्थितीत खरा उतरला होता, एवढे विचारूनच घ्यावा. आणि आपण काही तयार करून पुढच्यासाठी ठेवत असू, तर ते कुठवर चालेल आणि कुठे चालणार नाही, हे सोबत लिहून ठेवावे.