व्ही. पी. सोडवणारे वाचक

सन १९५८. दिल्लीत यमुनेपलीकडच्या शाहदऱ्यातून खिशात मावणारी, एक रुपया किमतीची हिंदी पुस्तकं बाजारात आली. ती काढणारे दीनानाथ मल्होत्रा लाहोरच्या राजपाल या प्रकाशक घराण्यातले. फाळणीनंतर या घराण्याने दिल्लीत नव्याने बस्तान बसवलं होतं. ‘हिंद पॉकेट बुक्स’ स्वस्त होती खरी, पण नुसत्या स्वस्ताईने भागणारं नव्हतं. आडगावात पुस्तकाचं दुकान म्हणजे शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान. तिथे कादंबऱ्या कोण ठेवणार? मल्होत्रांनी मग दुकानालाच वळसा घातला आणि ‘घरेलू लायब्ररी योजना’ काढली. सभासद व्हायचं, पोस्टाने पुस्तकांचं पुडकं घरी यायचं, पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवून व्ही. पी. सोडवून घ्यायची.

कल्पना अगदीच नवी नव्हती. अमेरिकेत ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ १९२६पासून पोस्टाने पुस्तकं पाठवत होता. इंग्लंडमध्ये व्हिक्टर गोलान्झ यांनी १९३६मध्ये ‘लेफ्ट बुक क्लब’ सुरू केला, तेव्हा पुस्तक पाठवून ते थांबले नाहीत. गावोगाव सभासदांची चर्चामंडळं उभी राहिली. एकाने वाचकाला गिऱ्हाईक केलं, दुसऱ्याने गिऱ्हाइकांना एकत्र बसवलं. पुस्तकविक्रीचा पुढचा बराचसा इतिहास या दोन टोकांच्या मधेच घडला आहे.

२०१८मध्ये हिंद पॉकेट बुक्स पेंग्विन रँडम हाउस इंडियाकडे गेलं, आणि शाहदऱ्यातली ती एक रुपयाची पुस्तकं कागदोपत्री गुरुग्रामच्या सायबर सिटीत दाखल झाली. ज्या वर्षी ती निघाली, त्या वर्षी गुडगाव हे पंजाबातलं एक जिल्ह्याचं गाव होतं. १९६६मध्ये हरियाणा झालं, १९८३च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी कारखान्यातून बाहेर पडली, मग शेतजमिनींवर डीएलएफचे फेज पसरत गेले, कॉल सेंटरं आली, आणि २०१६मध्ये गावाचं अधिकृत नावही बदललं. आज पेंग्विनखेरीज हॅशेट इंडियाही इथेच, सेक्टर ४४मध्ये आहे. देशातल्या इंग्रजी प्रकाशनाचा मोठा व्यवहार या काचेच्या इमारतींतून चालतो. एवढं असूनही गुरुग्राम हे पुस्तकांचं शहर आहे असं कुणी म्हणत नाही.

कारण पुस्तकाचं शहर प्रकाशकाच्या कचेरीने होत नाही, दुकानाच्या गल्ल्यापाशी होतं. पुस्तकाभोवतीची बैठक म्हटली की आपण तिच्याकडे सांस्कृतिक हौस म्हणून बघतो. विक्रेत्याच्या लेखी ती पोटापाण्याची गरज होती. तांदूळ, साखर कुणी ना कुणी नेणारच. पुस्तकाचं तसं नाही. एखादं पुस्तक पाच माणसांना हवं असतं आणि ती पाच माणसं कोण, हे ठाऊक नसेल तर गठ्ठा तसाच धूळ खात पडतो. म्हणून ज्या दुकानदाराला आपला वाचक नावानिशी माहीत, तोच टिकला.

मराठीत हे सर्वांत लख्ख दिसतं ते गिरगावात. मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. पुढे त्याच सिनेमाच्या शेजारी कोठावळे बंधूंनी पुस्तकांचा स्टॉल टाकला आणि नावही सिनेमाचंच घेतलं. सिनेमा कधीच पडला, नाव मात्र पुस्तकांमुळे उरलं. केशवराव कोठावळे यांनी स्टॉलवरून प्रकाशनात उडी घेतली, आणि जानेवारी १९६४मध्ये ‘ललित’ हे मासिक काढलं. पुस्तकविक्रेत्याने पुस्तकांविषयीच मासिक चालवायचं, हा तसा धाडसाचा सौदा. पण त्याने काय साधलं? नागपूर-सोलापूरच्या वाचकाला महिन्याच्या महिन्याला कळू लागलं की नवं काय आलंय, कोण काय लिहितंय, कोणाचं कोणाशी वाजलंय. हे शेवटचं सांगायचं काम ठणठणपाळकडे. त्या टोपणनावामागे जयवंत दळवी होते, आणि सोबत वसंत सरवटे यांची चित्रं. बडे लेखक त्या सदरात आपली टोपी उडालेली बघायचे आणि आतून खूशही व्हायचे म्हणे. वाचकाला वाटायचं, आपणही त्या कट्ट्यावर बसलो आहोत. छापील गप्पांतून मग खऱ्याखुऱ्या ‘मॅजेस्टिक गप्पा’ आल्या. पार्ल्यात लेखक, नट, गायक, पुढारी यांना मंचावर बसवून बोलतं करायचं, आणि पलीकडे पुस्तकांची टेबलं मांडलेली. ती टेबलं नसती तर या गप्पा इतकी वर्षं चालल्या असत्या का, याची शंकाच आहे.

फोर्टातल्या स्ट्रँडची तऱ्हा निराळी. टी. एन. शानभाग यांनी १९४८मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्याशा जागेत पुस्तकं मांडली. हेही नाव सिनेमाचंच! पुढे दुकान सर फिरोजशाह मेहता रस्त्यावर गेलं. शानभागांनी सभा-बैठका फारशा भरवल्या नाहीत. पुस्तक हातात घेऊन उभ्याउभ्या वाचणाऱ्याला हटकायचं नाही आणि किमतीत सवलत द्यायची, एवढ्यावर त्यांनी पिढ्या बांधून ठेवल्या. सुंदराबाई हॉलमधलं त्यांचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे मुंबईच्या इंग्रजी वाचकांची जत्राच. २००९मध्ये शानभाग गेले. २०१८मध्ये दुकानही बंद झालं.

गोलान्झच्या जवळ जाणारा मराठी प्रयोग ‘ग्रंथाली’चा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या पत्रकार-लेखक मित्रांनी ती सुरू केली, आणि स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता ‘वाचक चळवळ’ म्हणवलं. सभासदांच्या आधारावर पुस्तकं काढायची, गावोगाव प्रदर्शनं न्यायची. १९७८मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ याच वाटेने लोकांपर्यंत पोचलं. पुढे लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. बाजारभावाने चालणारा प्रकाशक या पुस्तकांना हात लावायला कचरला असता. पाठीशी सभासद असतील तर प्रकाशकाला असं धाडस परवडतं.

आता पुन्हा दिल्ली. १९५१च्या सुमारास वसलेल्या खान मार्केटचे गाळे मुख्यतः फाळणीतल्या निर्वासितांना मिळाले. पश्चिम पंजाबातल्या मलकवालहून आलेले, किंग्सवे कॅम्पात दिवस काढलेले बलराज बहरी मल्होत्रा यांनी १९५३मध्ये तिथे ‘बहरीसन्स’ उघडलं. दुकान चिंचोळं, फळ्या छतापर्यंत, आणि कुठलं पुस्तक कुठे आहे हे माणसांच्या डोक्यात. मंत्री, सनदी अधिकारी, परदेशी वकिलातींतले लोक इथले नेहमीचे. मुलगा अनुज बहरी यांनी धंदा वाढवला आणि ‘रेड इंक’ ही साहित्यिक एजन्सीही काढली. नात आंचल मल्होत्रा यांनी फाळणीत लोकांनी सोबत आणलेल्या वस्तूंवर २०१७मध्ये पुस्तक लिहिलं. पहिल्या पिढीने पुस्तकं विकली, दुसरीने लेखक शोधले, तिसरी स्वतःच लिहू लागली.

वाढता वाढता बहरीसन्सची शाखा गुरुग्रामच्या डीएलएफ फेज ४मधल्या गॅलेरिया मार्केटात आली. भोवती औषधांची दुकानं, बेकऱ्या, सलूनं; पार्किंगची रोजची झोंबाझोंबी. खान मार्केटात गिऱ्हाईक दिल्लीत मुरलेलं असतं. इथल्या गिऱ्हाइकाची दोन वर्षांनी बंगळुरू किंवा सिंगापूरला बदली होते. ओळख जमेपर्यंत माणूस गेलेला. नव्या शहरातल्या विक्रेत्याची खरी अडचण ही आहे, आणि वाचनमंडळ इथे नेमकं कामाला येतं: माणसं बदलली तरी मंडळ राहतं.

अशा दुकानाचा दिवस बाहेरून वाटतो तितका काव्यमय नसतो. सकाळी खोकी फोडायची, आलेला माल बिलाशी ताडून बघायचा, दुमडलेल्या कोपऱ्यांच्या प्रती बाजूला काढायच्या, बाकीच्यांची संगणकात नोंद करायची. न खपलेली पुस्तकं मुदतीत वितरकाला परत धाडली नाहीत, तर ती आपल्याच बोकांडी बसतात. शनिवारी संध्याकाळी लेखक येणार असेल तर मधलं टेबल भिंतीला लावायचं, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, माइक एकदा तरी खरखरणार हे धरून चालायचं. खुर्च्या भरतात. पण आलेल्यांपैकी कुणी पुस्तक आधीच ऑनलाइन घेतलेलं असतं, कुणी किंडलवर वाचलेलं. विक्रेत्याच्या तोंडचं हसू आणि गल्ल्यातला आकडा यांचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमणारं डझनभर बायकांचं मंडळ त्याला अधिक लाडकं. पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरलं की एका फोनवर बारा प्रतींची मागणी येते, आणि त्या बारा प्रती परत जात नाहीत.

यात मराठी कुठे? गुरुग्रामच्या कंपन्यांत मराठी माणसं आहेत, गणपतीत ती एकत्रही येतात, पण मराठी पुस्तक चाळून घ्यायचं तर पुण्या-मुंबईची फेरी होईपर्यंत थांबावं लागतं. फेब्रुवारी २०२५मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष तारा भवाळकर. त्याआधीचं दिल्लीतलं संमेलन १९५४चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालचं. मधल्या एकाहत्तर वर्षांत दिल्लीभोवती गुरुग्राम-नोएडासारखी शहरं उभी राहिली, तिथल्या मराठी घरांची संख्या वाढली. आणि त्या घरांसाठी पुस्तकांचे मराठी गाळे राजधानीत लागले ते तीन दिवस.