ट्यूरिनच्या थंडीसाठी, कुर्ल्याच्या गाडीत

जुनी पद्मिनी हौसेनं उभी करणारी माणसं मला विचारतात, ‘‘मॅडम, चोक ठेवायचा की काढून टाकायचा?’’ बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. केबल गंजून अडकलेली असते, मूठ तुटलेली असते, आणि कुणीतरी मिस्त्री सांगून गेलेला असतो की मुंबईत थंडी आहेच कुठे, ॲक्सिलरेटर दोनदा दाबा, सेल्फ मारा, गाडी पेट घेते. नाशिकला आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. माझं उत्तर आहे, ठेवा. मिस्त्री खोटं बोलत नाही, पण तो अर्धंच सांगतो.

मुळात चोक आला तो पेट्रोलच्या खोडीमुळे. गरम इंजिनाला एक भाग पेट्रोलमागे वजनानं साधारण पंधरा भाग हवा पुरते. इंजिन गार असेल तर पेट्रोलमधला हलका भाग तेवढा उडतो, बाकीचं मॅनिफोल्ड ओलं करून तिथंच बसतं. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यायचं, म्हणजे त्यातलं उडेल तेवढ्यावर इंजिन सुरू होईल. अगदी पहिल्या गाड्यांत फ्लोट चेंबरवरचं बटण दाबून पेट्रोल उतू जाईपर्यंत थांबत, नाहीतर हवेच्या तोंडावर सरळ तळहात धरत. तळहाताच्या जागी पत्र्याची झडप आली, तोच चोक. फोर्डच्या मॉडेल टीला रेडिएटरजवळून तारेची एक कडी बाहेर काढलेली असे. समोर उभं राहून हँडल मारणाऱ्यालाच ती ओढायची असायची. १९१२ साली कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ बसला, तेव्हापासून हँडल मारायला खाली उतरायचं कारण हळूहळू संपलं. पुढे १९३२ मध्ये ओल्ड्समोबिलनं आपोआप उघडमीट करणारा चोक आणला. आपल्या नशिबी मात्र हातानं ओढायचाच राहिला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आपोआप चालणारा चोक बिघडला की कळतसुद्धा नाही, नुसतं पेट्रोल जातं.

पद्मिनीचं मूळ असलेली फियाट ११००/१०३ ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. ती ट्यूरिनची. आल्प्सच्या पायथ्याचं गाव, हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणारं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती, आणि दशकभरानंतर त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी जुळू लागली. मुंबईची थंडी म्हणजे काय, तर सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेले, तो आजवरचा नीचांक. तरी चोक आला तसाच राहिला. कुणी काढलाही नाही, सुधारलाही नाही. १९६४ ची ११००डी, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, नावं बदलत गेली. इटलीनं ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबवलं, कुर्ल्यात ते आणखी तीन दशकं चाललं. परवान्यांच्या जमान्यात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला नवं काही द्यायची गरजच कुणाला होती? युरोपात नव्वदीच्या सुरुवातीला धुराचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटरच गेला. आपल्याकडे २००० च्या आसपास तीच वेळ आली, आणि मारुती ८०० चीही चोकची मूठ तेव्हाच गेली.

त्या मुठीवरचा विनोद सर्वांना ठाऊक आहे: बायका ती बाहेर ओढतात आणि तिला पर्स अडकवतात. वर्कशॉपमध्ये तो मला नव्यानं सांगणारा दरवर्षी एक तरी निघायचा. चोक ओढलेला विसरून गाडी पुण्यापर्यंत नेणारे मी पाहिले आहेत. त्या सगळ्यांना मिशा होत्या.

आता मिस्त्रीच्या उरलेल्या अर्ध्याकडे. पद्मिनीवरच्या सोलेक्स कार्बोरेटरला झडपेचा चोक नाहीच. त्याच्या अंगाला एक छोटा वेगळा कार्बोरेटर जोडलेला आहे, त्याचं पेट्रोलचं जेट वेगळं, हवेचं वेगळं. मूठ ओढली की आतली भोकाची चकती फिरते आणि हे मिश्रण थ्रॉटलच्या खालच्या बाजूला सोडलं जातं. ते खेचायला तिथं व्हॅक्यूम लागतं, आणि थ्रॉटल मिटलेलं असेल तरच ते मिळतं. म्हणजे चोक ओढल्यावर ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. आपल्याकडे तर मूठ ओढायची आणि पायानं पंपही मारायचा, ही रीतच. मग चोक ‘काम करत नाही’, आणि मिस्त्री केबल तोडून मोकळा होतो. पाय दाबल्यावर ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी उडते, तिच्यावर गाडी सुरू होते हे खरं. पण एका पिचकारीनं ती चालू राहत नाही, म्हणून मग रेस करत बसायचं, गार तेलावर. शिवाय केबल काढल्यावर ती चकती किंचित उघडी राहिली, तर गाडी दिवसभर जादा पेट्रोल पीत राहते. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज जातं आणि दोष जेटला मिळतो. चोक पूर्ण ओढायचा, सुरू झाली की अर्धा आत, आणि इंजिन सावरलं की पूर्ण आत. नाहीतर जादा पेट्रोल सिलिंडरवरचं तेल धुऊन खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं.

टॅक्सीवाल्यांनी हा प्रश्न वेगळ्याच वाटेनं सोडवला. कुणी डिझेल इंजिन बसवलं, पुढे सगळ्याच सीएनजीवर गेल्या, आणि गॅसला उडायला कुणाची मदत लागत नाही. त्या गाड्यांत मूठ शोभेला राहिली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या त्याच महिन्याअखेर तीही रस्त्यावरून गेली.

उरल्या त्या हौशी लोकांच्या. त्यातल्या काहींनी मारुतीचा मिकुनी कार्बोरेटर बसवून घेतला आहे. त्याचा चोक झडपेचा, तो जोडा किंवा सोडा, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पहिल्या पद्मिन्या आता त्या वयात आल्या आहेत. आरटीओचा माणूस डॅशबोर्डखाली वाकून मूठ ओढून बघेल असं मला अजिबात वाटत नाही. केबल मात्र नवीच टाका, आणि तिला वळण देताना एक्झॉस्टपासून लांब ठेवा.