दोनच किलोमीटर राहिलेत

मे महिन्यातला रविवार, मरीन ड्राईव्ह, सकाळचे साडेआठ वाजून गेलेले. आमच्या ऑफिसच्या रनिंग ग्रुपचा 'लीड' मी आहे (पगार न वाढता मिळालेलं प्रमोशन!). वेळ मीच ठरवली होती, साडेसात. कारण शनिवारी रात्री जागणाऱ्या जनतेला त्याआधी उठवणं म्हणजे महाकर्मकठीण काम. अंतर बारा किलोमीटर.

टीममधला एक नवा मुलगा, यंदाच जॉइन झालेला, आठ किलोमीटरपर्यंत माझ्या बरोबरीने होता. मग मागे पडला. मी वळून पाहिलं तर पाय वेडेवाकडे पडत होते. म्हणाला, "दादा, थंडी वाजतेय." मे महिन्यात, मुंबईत, थंडी! आणि मी काय म्हणालो माहितीये? "चल रे, दोनच किलोमीटर राहिलेत." खरे तर चार राहिले होते.

रोज चालायला येणाऱ्या एका काकांनी त्याला कट्ट्यावर बसवलं, मला चांगलंच झापलं आणि त्याच्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं. अर्ध्या तासाने गडी ठीक झाला, संध्याकाळी ग्रुपवर जोकसुद्धा टाकायला लागला. झोप उडाली ती माझी. त्या रात्री उष्म्यात पळण्याचा इतिहास वाचत बसलो, आणि त्यात मला सारखा मीच भेटत राहिलो.

सुरुवात ३० ऑगस्ट १९०४, सेंट लुईस. ऑलिंपिकची मॅरेथॉन. मिसिसिपीच्या काठचं हे शहर उन्हाळ्यात दमट म्हणजे आपल्या मुंबईला लाजवेल असं. तापमान ३२ अंशांच्या आसपास, आणि शर्यत सुरू केली दुपारी तीनला! रस्ते मातीचे, पुढे घोडे आणि मोटारी, त्यांची सगळी धूळ धावणाऱ्यांच्या घशात. सुमारे ४० किलोमीटरच्या वाटेवर पाणी फक्त दोन ठिकाणी. आयोजक जेम्स सुलिव्हन यांना पाण्याशिवाय माणूस कुठवर पळतो ते बघायचं होतं, असं सांगतात. ३२ जण निघाले, १४ पोचले. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला, पोटात धूळ जाऊन आतून रक्तस्राव झालेला.

जिंकला टॉमस हिक्स. कसा? त्याने पाणी मागितलं तर त्याच्या मदतनिसांनी नकार दिला, फक्त ओल्या स्पंजने तोंड पुसलं. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन दिलं. हो, तेच उंदीर मारायचं विष, त्या काळी ते थोड्या मात्रेत उत्तेजक म्हणून वापरत. वर ब्रँडी. हिक्सला भास व्हायला लागले, तरी त्याला दोन्ही बाजूंनी धरून शेवटपर्यंत नेलं. वेळ ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंद. ऑलिंपिक विजेत्याची आजवरची सर्वात संथ वेळ. त्या मदतनिसांपैकी एकानेही "बस आता" म्हटलं नाही. सगळे आपले "चल रे, थोडंच राहिलंय".

पुढचा अंक १४ जुलै १९१२, स्टॉकहोम. स्वीडनमध्ये कसला आलाय उकाडा असं वाटेल, पण त्या दिवशी तिथेही पारा ३२ च्या घरात होता. निघालेल्या ६८ पैकी जेमतेम निम्मे पोचले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, पेशाने सुतार, तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेण फासलं होतं, असं म्हणतात.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. साधं गणित करू. ६५ किलोचा माणूस १० किलोमीटर पळाला तर साधारण ६५० किलोकॅलरी जाळतो. स्नायू हे फारच गळकं इंजिन आहे, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसती उष्णता होते. म्हणजे सुमारे ५०० किलोकॅलरी. आणि हे शरीर एक अंशाने तापायला लागतात साधारण ५४. ती उष्णता बाहेर पडलीच नाही तर तापमान नऊ अंशांनी वाढेल! ३७ अधिक ९. माणूस त्याच्या कितीतरी आधी संपतो.

आपल्याला वाचवतो तो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. अख्ख्या दहा किलोमीटरचा हिशेब मिटला. पण अट एकच, घाम वाळला पाहिजे. नुसता टपकलेला घाम काही कामाचा नाही. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घामाला जागाच मिळत नाही. म्हणून पुण्यातले ३५ अंश परवडतात आणि मुंबईतले ३१ जीव काढतात. लाझारोने मेण फासून रेडिएटरच बंद केला होता. मी त्या पोराला साडेसातच्या दमट उन्हात पळवलं, म्हणजे वेगळं काय केलं?

१९५४ साली व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर कमाल झाली. तेव्हा जगातली सर्वोत्तम वेळ नावावर असलेला इंग्लंडचा जिम पीटर्स दुसऱ्यापेक्षा तब्बल १७ मिनिटं आधी स्टेडियममध्ये शिरला आणि झिंगल्यासारखा पडत, उठत, पुन्हा पडत राहिला. दोनशे यार्डांना ११ मिनिटं! अंतिम रेषा त्याने ओलांडलीच नाही, आणि पुन्हा कधी शर्यतही पळला नाही.

आता उलट उदाहरण, तेही आपल्याकडचं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी पळणारी पोरं बघून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावे. हिक्सपेक्षा ३८ मिनिटांनी कमी, आणि अंतर त्याच्याहून पावणेतीन किलोमीटरने जास्त! त्या दिवशी हवा थंड आणि पावसाळी होती. चौगुल्यांची थोरवी त्याने कमी होत नाही, पण हवा केवढा फरक पाडते ते दिसतं.

पाण्याची गोष्ट तर अजूनच मजेशीर. "पळताना पाणी पिऊ नये, पोटात दुखतं," हे आमच्या पीटीच्या सरांचं वाक्य मला आजही पाठ आहे. जगभर बराच काळ हेच चालायचं. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी पाणी कमी पिण्याच्या धोक्यावर लेख लिहिला. मग लंबक थेट दुसऱ्या टोकाला! प्या, जमेल तितकं प्या. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं निघालं. मुख्य कारण जास्त पिणं. म्हणजे आधी सक्तीने तहानलेलं ठेवायचं, मग सक्तीने पाजायचं. दोन्ही वेळा धावणाऱ्याला त्याची तहान कुणी विचारलीच नाही.

शहाणपण आलं ते लष्करातून. उन्हाळी सरावात सैनिक कोसळायला लागले तेव्हा अमेरिकेत यागलू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये एक निर्देशांक मांडला. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाला २० आणि साध्या सावलीतल्या तापमानाला फक्त १०. बघा, आपण ॲपवर जो आकडा बघून निघतो त्याची किंमत दहा टक्के! आकडा ठराविक मर्यादेवर गेला की सराव बंद, सार्जंट काहीही म्हणो.

तरीही २०१९ मध्ये दोह्याला जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवावी लागली, आणि ६८ पैकी २८ जणींनी सोडून दिली. पण दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन आठशे किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला हलवली. तिथेही गरम होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी ठरवून महिलांची शर्यत सातऐवजी सहाला सुरू केली. कुणीतरी शेड्यूल बदललं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

कारण हे सगळं वाचून एक गोष्ट पक्की कळली. पळणारा स्वतःहून थांबत नाही. डोकं तापलं की थांबायचं ठरवणारं यंत्रच आधी बिघडतं. पीटर्सला थांबता आलं नाही, हिक्सला आलं नाही, आमच्या पोराला तर समोर 'लीड' होता. थांबवायचं काम बाहेरच्याचं.

असो. तर आता आमचा ग्रुप मे महिन्यात साडेपाचला निघतो, अंतर सहा किलोमीटर, आणि घड्याळं खिशात. थंडी वाजली, अंगावर काटा आला, कुणी असंबद्ध बोलायला लागला की सगळ्यांनी थांबायचं. सावली, अंगावर पाणी, वारा, बर्फ मिळाला तर बर्फ, आणि शुद्ध हरपत असेल तर सरळ हॉस्पिटल. पहिल्या रविवारी आठातले तीनच उठले. चालायचंच.

त्या मुलाला मी सॉरी म्हटलं. तो हसून म्हणाला, "दादा, तेव्हा खरंच दोनच राहिले होते का हो?"

नाही रे बाबा. चार होते.