ऋषीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. त्यात शहाणपण नाही असे कोण म्हणेल? तहानलेल्याने ओंजळीतले पाणी प्यावे. ते कुठून पाझरले याची चौकशी करीत बसू नये. पण एका भिक्षूने ही चौकशी केली, आणि तीही आपल्याच गुरुपरंपरेची. दिवाळीच्या आनंदात हा विषय थोडा जड वाटेल. परंतु वाचकहो, पणती ठेवायची ती अंधाऱ्या कोपऱ्यातच ना?

या भिक्षूचे नाव ब्रायन व्हिक्टोरिया. जन्म १९३९ सालचा, अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातला. युद्धात शस्त्र धरणे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला मान्य नव्हते. सैन्यातील चाकरीऐवजी ख्रिस्ती मिशनरी म्हणून ते १९६१ साली जपानात गेले. बुद्धाच्या नावाने अडीच हजार वर्षांत एकही युद्ध झाले नाही, हे ऐकून त्यांचे मन झेन पंथाकडे ओढले गेले आणि १९६४ साली त्यांनी सोतो संप्रदायाची दीक्षा घेतली. त्यांना जे वाटले ते आपल्यालाही वाटतेच. ज्या महाराष्ट्रात अजिंठ्याची लेणी आहेत, जिथे १९५६ साली नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे बुद्ध म्हटले की करुणाच डोळ्यांपुढे उभी राहते.

पुढे व्हिएतनामचे युद्ध पेटले. त्याविरुद्धच्या चळवळीत व्हिक्टोरिया भाग घेऊ लागले. १९७० च्या वसंतात निवा रेम्पो या थोर आचार्यांनी त्यांना बोलावून घेतले. शिकाऊ भिक्षूने राजकारणात पडू नये, अशी समज त्यांना मिळाली. ती ऐकून या शिष्याच्या मनात साधाच प्रश्न आला: मग आपले आचार्य मागच्या युद्धात काय करीत होते?

त्याच सुमारास इचिकावा हाकुगेन या रिन्झाई पंथाच्या विद्वान भिक्षूचे लेखन त्यांच्या हाती लागले. इचिकावांनी स्वतः युद्धकाळात युद्धाची बाजू घेतली होती. पुढे त्यांनी स्वतःचा आणि आपल्या धर्मबांधवांचा झाडा घेतला. त्या वाटेने जात व्हिक्टोरियांनी जुनी मासिके, प्रवचने, मठांची पत्रके धुंडाळली. १९९७ साली त्यांचा ‘झेन ॲट वॉर’ हा ग्रंथ निघाला, आणि ज्यांच्या तसबिरीपुढे जगभरचे साधक उदबत्ती लावीत होते, त्यांपैकी कित्येकांचे विसरलेले शब्द उजेडात आले.

ते शब्द वाचताना सर्वांत भय वाटते ते त्यांच्या तर्काचे. ‘मी’ म्हणून काही नाही, हे बुद्धाचे शिकवणे. मी गळाला की लोभ, द्वेष गळतात, आणि उरते ती करुणा. पण युद्धकाळात याच शिकवणीला वेगळी कलाटणी मिळाली. मी नाही, तर मरणारा कोण आणि मारणारा कोण? मी गळाला, की त्या रिकाम्या जागी सेनापतीचा हुकूम येऊन बसला. ध्यानाने मन निश्चल होते हे खरे. पण निश्चल मनाने नेमही अचूक साधतो. औषध तेच; फक्त अनुपान बदलले.

यासुतानी हाकुउन यांचेच पाहा. जन्म १८८५, मृत्यू १९७३. पाश्चात्त्यांना झेनची गोडी लावणाऱ्या आचार्यांत त्यांचे नाव फार मोठे. त्यांनी १९४३ साली दोगेन या मध्ययुगीन आचार्यावर एक पुस्तक लिहिले. शत्रूला ठार मारल्याने अहिंसेचे व्रत मोडत नाही, असा अर्थ त्यात त्यांनी लावला. ज्यूंविषयी द्वेषाची भाषाही त्यात होती. आता दैवाचा खेळ बघा. त्यांच्या अमेरिकन शिष्यांत फिलिप कॅप्लो हे प्रमुख. हे गृहस्थ न्युरेंबर्गला नाझींवर आणि नंतर टोकियोला जपानी पुढाऱ्यांवर जे खटले चालले, त्यांचे वृत्तलेखक होते! युद्धातील अपराधांची साक्ष शब्दाशब्दाने टिपून घेणारा माणूस शांती शोधत ज्या गुरूंच्या पायांशी बसला, त्या गुरूंचे १९४३ चे पुस्तक त्या साक्षीबाहेरच राहिले होते.

या शोधात नुसता काळोखच सापडला असे मात्र नाही. उचियामा गुदो नावाचा एक सोतो भिक्षू हाकोने डोंगरातल्या लहानशा देवळात राहत असे. गरीब कुळांची बाजू घेऊन त्याने चोरून पत्रके छापली. सम्राटाविरुद्ध कट केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि २४ जानेवारी १९११ रोजी त्याला फाशी झाली. संप्रदायाने त्याआधीच, १९१० साली, त्याला बहिष्कृत केले होते. युद्धाला आशीर्वाद देणारे आचार्य सन्मानाने निवर्तले. हा मात्र १९९३ पर्यंत बहिष्कृतच राहिला. त्या साली संप्रदायाने त्याला पुन्हा आपला म्हटले. आदल्याच वर्षी संप्रदायाने युद्धकाळातील वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला होता.

व्हिक्टोरियांचा ग्रंथ एका डच साधिकेच्या वाचनात आला. तिच्या पतीने जपानी कैदेचे हाल सोसले होते. तिने जपानमधील आचार्यांना पत्रे लिहिण्यास आरंभ केला. अखेर यासुतानींच्या गादीवर बसलेल्या कुबोता जिउन यांनी आपल्या परमगुरूंच्या त्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. २००१ साली रिन्झाई पंथाच्या म्योशिनजी शाखेनेही पश्चात्तापाचे निवेदन काढले.

व्हिक्टोरियांवर टीकाही झाली. त्यांनी काहींची, विशेषतः डी. टी. सुझुकी यांची, वाक्ये संदर्भ सोडून घेतली, असे काही विद्वानांनी साधार मांडले. वाद व्हावा, त्याने शोध अधिक शुद्धच होतो.

मी मास्तर माणूस. समोर बसलेली मुले आपला शब्द कसा उचलतात, हे रोज पाहतो. आपले अक्षर ती गिरवतात, आणि अक्षराबरोबर त्यातला वाकडेपणाही गिरवतात. म्हणून मला वाटते, ज्या शिष्याला गुरूचे काही पुढे न्यायचे आहे, त्याला निवड करावीच लागते. आणि सगळे पाहिल्यावाचून निवड कशी करणार? यासुतानींनी शिकवलेले ध्यान खोटे नव्हते, आणि त्यांनी लिहिलेले ते पुस्तकही खोटे नव्हते. दोन्ही एकाच माणसाचे होते. त्यातले एक झाकून ठेवले, तर दुसऱ्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा?

वाटसरूने ऋषीचे कूळ विचारू नये, हे ठीकच. पण त्याच कुळात ज्याला पुढे नांदायचे आहे, त्याने ते विचारलेच पाहिजे.