मुक्त कण, झोका आणि ‘एकच’ असण्याचा प्रश्न

मंडळी, सरळ चालत जाणाऱ्याची गती आणि झोक्याची गती एकच, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण विसाव्या शतकातलं भौतिकशास्त्र जवळजवळ असंच म्हणतं. आज त्या ‘जवळजवळ’विषयी बोलू.

सुरुवात मुंबईपासून. न्यूटनच्या समीकरणात त्वरण असतं, म्हणजे स्थानाचा दुसरा विकलज. पण विद्युतभारित कण प्रारण सोडतो तेव्हा समीकरणात तिसरा विकलज शिरतो आणि भलत्याच उकली निघतात : कोणी ढकलत नसताना कण वेग वाढवत सुटतो! होमी भाभांनी १९४६ साली यावर निबंध लिहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात होती. त्यांनी दाखवलेला फरक असा : काही उकली विद्युतभार शून्याकडे नेला की साध्या कणाच्या उकलीत सुरळीत मिळून जातात, सुसाट सुटणाऱ्या तशा मिळत नाहीत. म्हणजे गणित देतं ते सगळंच निसर्गाचं नसतं.

१९५० साली पैस आणि उलेनबेक यांनी चौथा विकलज असलेला दोलक तपासला. त्यातून दोन साधे दोलक निघाले, पण एकाची ऊर्जा ऋण! अशा समीकरणांत ऊर्जेला तळ उरत नाही, हे ऑस्ट्रोग्राडस्कीच्या १८५० च्या गणितातच दडलेलं होतं.

मग १९७३ साली नीडेरर यांनी पूल बांधला. काळाच्या जागी दुसऱ्या काळाचा ‘टॅन’ घाला, अंतराचं माप त्याबरोबर बदला. मुक्त क्वांटम कणाचं समीकरण दोलकाचं होतं. अलीकडे हीच युक्ती चौथ्या विकलजाच्या मुक्त कणाला लावली गेली. निघाला तो पैस-उलेनबेक यांचाच दोलक, मात्र वारंवारतांचं प्रमाण १:३ असेल तेव्हाच. सहाव्या विकलजाला १:३:५.

मग दोन्ही एकच का? थांबा. मुक्त कणाचा अनादि-अनंत काळ झोक्याच्या अर्ध्या फेरीत मावतो. उरलेल्या फेरीचं काय? दोलकाची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांची, मुक्त कणाची सलग. पुलावरून उकली पलीकडे जातात. एकाची ऊर्जा दुसऱ्याची ऊर्जा होऊन जात नाही.

आपल्या सोलापुरात एकच माणूस घरी तेलुगू, बाजारात कानडी, कचेरीत मराठी बोलतो. वाक्याचं भाषांतर होतं, पण भाषांतर झालं म्हणून ते खरं ठरत नाही. तसंच इथे. कोणती उकल निसर्गाची, हे पूल सांगत नाही. ती निवड भाभांनाही करावी लागली आणि आपल्यालाही चुकलेली नाही.